‘ताई, तुमचा आरसीसीबी खराब झालाय’ म्हणून तो काढून नेला, त्याची गोष्ट

सासरे रात्री दोन-तीनदा उठतात. त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतचा पॅसेज अंधारा आहे, म्हणून बाथरूमच्या दाराजवळ एक दिवा आणि त्याचं बटण त्यांच्या खोलीच्या दाराशी, एवढंच काम होतं. एक दिवा, एक बटण. एवढ्याशा कामात कोणी काय फसवणार, असं मला वाटलं होतं. म्हणूनच सगळं सविस्तर लिहिते आहे.

वायरमन आला, बोलायला गोड. पॅसेजभर वायरी झाकायची पट्टी मारली, खोलीच्या दाराशी जुन्या बोर्डात रिकाम्या जागी बटण बसवलं, दिव्याचं पत्र्याचं फिटिंग वर लावलं. दोन तासांत काम झालं. बटण दाबलं, दिवा क्षणभर लागला आणि मेन बोर्डात खटकन आवाज झाला. गिझर, फ्रिज, सगळे प्लग बंद. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की आपणहून लाइन तोडणारा सुरक्षेचा खटका, पडला होता. त्याने तो वर केला, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा खटकन. तीनदा असं झालं.

तो बोर्डाकडे बघून म्हणाला, “ताई, तुमचा आरसीसीबी खराब झालाय. जुना झाला की असाच उगीचच पडतो. नवीन टाकून देतो.” मला तेव्हा एवढंच कळायला हवं होतं की सकाळपर्यंत ज्याने एकदाही त्रास दिला नव्हता, तो नेमका या दिव्याच्या बटणावरच का पडतोय? पण सासरे दाराशी उभे, फ्रिज बंद, आणि समोरचा माणूस इतक्या खात्रीने सांगतोय. मी ‘बरं’ म्हटलं. त्याने तासाभरात नवीन वस्तू आणून बसवली, जुनी पिशवीत टाकली, दिवा लावून दाखवला. आता काहीच पडलं नाही. वायरीचे, आरसीसीबीचे, मजुरीचे पैसे घेऊन तो गेला.

पुढच्या काही दिवसांत एक गोष्ट दिसत होती. रात्री बटण बंद असतानाही तो एलईडी अगदी मंद मिणमिणायचा. सासरे म्हणाले, बरंच आहे, वाट दिसते. आम्ही सोडून दिलं.

मग एका रविवारी मुलगा स्टुलावर चढून तो दिवा पुसायला गेला. बटण बंद होतं, मी स्वतः बघितलं होतं. उजव्या हातात ओलं फडकं, डावा हात बाथरूमच्या ओलसर भिंतीला टेकलेला. फडकं फिटिंगला लागलं आणि तो किंचाळून खाली आला. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, पडला म्हणून वाचला, चिकटून राहिला असता तर वेगळं झालं असतं. ते वाक्य अजून कानातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीतले एक जुने इलेक्ट्रिशियन काका आले. त्यांनी आधी दिव्याला हातच लावला नाही, सरळ मेन बोर्ड उघडला. नव्या आरसीसीबीवर बोट ठेवून विचारलं, “याचं टेस्टचं बटण कुठंय?” मी बघितलं. बटण नव्हतंच. आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं, त्यावर ‘टी’ हे इंग्रजी अक्षर असतं, आणि बाजूला किती गळतीला तो पडतो ते छापलेलं असतं, घरात बहुतेक ३० मिलिअँपिअर. आमच्या बोर्डात बसवलं होतं ते साधं आयसोलेटर. आकार तसाच, खटका तसाच, पण तो नुसता हाताने चालू-बंद करायचा स्विच. गळती त्याला कळतच नाही. तो कधीच आपणहून पडणार नव्हता. आमचा चांगला आरसीसीबी त्याने पिशवीतून नेला, त्याच्या जागी ही वस्तू लावली आणि वर त्याचे पैसे घेतले.

मग काकांनी पट्टीचं झाकण ओढलं. बिलात तीन वायरी होत्या, फेज (करंट आणणारी), न्यूट्रल (करंट परत नेणारी) आणि अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत उतरवणारी). पट्टीत एकच वायर होती. काकांनी ती ब्लेडने खरवडली, तर वरून तांबडी आणि आत पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बिलात ‘कॉपर’ लिहिलेलं होतं.

एकाच वायरीवर दिवा कसा लागला, हे काकांनी कागदावर काढून दाखवलं. बरोबर काम करायचं तर दाराच्या बोर्डातून फेज घ्यायचा, तो बटणातून दिव्याकडे न्यायचा, त्याच बोर्डातला न्यूट्रल आणि अर्थिंग सोबत न्यायचं. म्हणजे पॅसेजभर तीन वायरी. त्याने काय केलं, तर दिव्यामागच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या गिझरच्या पॉइंटमधून फेज थेट दिव्याला जोडला. दिव्याची दुसरी बाजू एका वायरीने बटणापर्यंत आणली आणि तिथल्या दिव्यांच्या लाइनच्या न्यूट्रलला चिकटवली. दोन वायरी आणि मेहनत वाचली. अर्थिंग तर घातलंच नाही.

आमच्याकडे आरसीसीबी फक्त गिझर आणि प्लगच्या लाइनवर आहे, दिव्यांची लाइन वेगळी. आरसीसीबीचं काम एवढंच की फेजमधून जितका करंट गेला तितकाच त्याच्याच न्यूट्रलमधून परत आला का, हे सतत मोजत राहायचं. आमच्या दिव्याचा करंट जात होता आरसीसीबीतून आणि परत येत होता दुसऱ्याच लाइनने. ९ वॉटचा दिवा २३० व्होल्टवर कमीत कमी ४० मिलिअँपिअरच्या आसपास घेतोच, म्हणजे ३० च्या वर. त्यामुळे दिवा लागला की आरसीसीबी पडायचाच. तो खराब नव्हता. तो आम्हाला ओरडून सांगत होता की जोडणी चुकली आहे. त्या माणसाने जोडणी दुरुस्त करायची सोडून ओरडणाऱ्यालाच काढून नेलं. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

बटण न्यूट्रलवर असल्यामुळे ते बंद केलं तरी फिटिंगमध्ये फेज कायम होता. तो मंद उजेड त्याचाच होता. (बटणात इंडिकेटर असेल किंवा वायरी लांबवर शेजारून गेल्या असतील तरी एलईडी असा मिणमिणू शकतो, पण तपासून घ्यायलाच हवं.) पत्र्याच्या कडेला घासून वायरीचं साल निघालं होतं, त्यामुळे सगळ्या फिटिंगमध्ये करंट उतरला होता. अर्थिंग असतं तर तो तिकडून गेला असता. जुना आरसीसीबी जागेवर असता तर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत त्याने लाइन तोडली असती. बटण फेजवर असतं तर मुळात तिथे करंटच नसता. तिन्ही त्याने घालवलं होतं.

त्याला फोन केला. “दिवा लागतोय ना ताई?” एवढं म्हणून त्याने ठेवला. नंतर उचललाच नाही. ज्या दुकानाने त्याला पाठवलं होतं, त्यांनी तो आमचा माणूस नाही म्हणून हात वर केले. बिलावर दुकानाचं नाव नव्हतं, नुसता साधा कागद, तोही मी तेव्हा नीट वाचला नव्हता.

काकांनी सगळं नव्याने केलं. तिन्ही वायरी एकाच बोर्डातून, दिव्यांच्याच लाइनवर. गिझरच्या पॉइंटवरून दिव्याची बारीक वायर घेणं तसंही धोक्याचं, कारण तिथली एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा खटका) जाड वायरीच्या हिशेबाने मोठी असते. बारीक वायर तापून वितळली तरी एमसीबी पडेलच असं नाही. दिव्यांच्या लाइनला ६ किंवा १० अँपिअरची पुरते.

तुमच्याकडे असं काम निघालं तर पट्टीचं किंवा बोर्डाचं झाकण लावायच्या आधी वायरमनलाच आत काय घातलंय ते दाखवायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. काढलेली जुनी वस्तू घरातच ठेवून घ्या, खराब असली तरी. दिव्याचं बटण बंद करून होल्डरवर टेस्टर लावून दाखवायला सांगा, दोन्ही टोकांवर. टेस्टर पेटला तर पैसे देऊ नका. स्वतः मात्र काही उघडू नका. आणि नवीन काम झाल्यावर आरसीसीबी पडायला लागला, तर ‘तो जुना झालाय’ हे उत्तर आधी घेऊ नका, नवी जोडणी सुटी करून बघायला लावा. ती सुटी केल्यावर तो पडायचा थांबला, तर दोष कुठे आहे ते तिथेच कळतं.

हे वाचून झालं की उठून आपला मेन बोर्ड एकदा बघा. अलीकडे कोणी आरसीसीबी बदलून दिला असेल तर त्यावर ‘टी’चं बटण आहे का बघा, आणि लाइन चालू असताना ते दाबा. खटका पडला पाहिजे. नाही पडला, किंवा बटणच सापडलं नाही, तर उद्यावर टाकू नका, चांगल्या माणसाला आजच बोलवा.