मॅनेजरला नारळ कधी मिळणार? हंगामअखेरीसाठी 'एमएलबी ट्रेड रूमर्स' कितपत कामाचं

सप्टेंबर संपता संपता एका रविवारी अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा (एमएलबी) 162 सामन्यांचा हंगाम आटोपतो आणि सोमवारी सकाळपासून मॅनेजरना, म्हणजे संघांच्या मुख्य प्रशिक्षकांना, नारळ वाटायला सुरुवात होते. 2025 मध्ये तो सोमवार 29 सप्टेंबरला आला. त्या एका दिवसात जायंट्सनी बॉब मेल्विनला काढलं, ट्विन्सनी रॉको बाल्डेलीला काढलं, आणि रेंजर्स व ब्रूस बोची 'परस्परसंमतीने' वेगळे झाले. 2025 चा हंगाम सुरू झाला तेव्हा जे 30 मॅनेजर खुर्चीत होते, त्यांतले 10 जण पुढच्या हंगामासाठी त्या खुर्चीत उरले नाहीत.

ही पडझड एका जागी, रोजच्या रोज आणि फुकट वाचायची असेल तर एमएलबी ट्रेड रूमर्सला पर्याय नाही. टिम डिअर्क्स यांनी 2005 मध्ये हे संकेतस्थळ सुरू केलं. मूळ काम खेळाडूंच्या अदलाबदलीच्या आणि करारांच्या बातम्यांचं, पण मॅनेजर आणि जनरल मॅनेजर (खेळाडूंची जुळवाजुळव पाहणारा अधिकारी) यांच्या नेमणुका-गच्छंतीही इथे तितक्याच नेटाने टिपल्या जातात. पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते ओघात येईलच.

नावात 'रूमर्स' असलं तरी हे लोक स्वतः अफवा पिकवत नाहीत. बातमी कोणाची, ते पहिल्याच परिच्छेदात नाव आणि दुव्यासकट दिलेलं असतं: अमक्या वर्तमानपत्राच्या तमक्या वार्ताहराने दिलेली, किंवा थेट क्लबने जाहीर केलेली. त्याच्याखाली मॅनेजरचा करार, त्याची वर्षवार कामगिरी, त्याला कोणी नेमलं होतं आणि आता पुढे कोण, हे सगळं चार-पाच परिच्छेदांत येतं. खरा माल या खालच्या परिच्छेदांतच असतो. शीर्षक वाचून पुढे सरकणाऱ्याला ही सेवा निम्मीसुद्धा मिळत नाही.

शीर्षकातलं क्रियापद मात्र नीट वाचायचं. नुसतं 'फायर' असेल तर विषय संपला. 'टू फायर' म्हणजे निर्णय झालाय, क्लबचं पत्रक यायचंय. अशी बातमी क्वचितच फिरते. 'एक्स्पेक्टेड टू' म्हणजे एखाद्या भरवशाच्या वार्ताहराला आतून कळलंय, पण अजून कोणाची तरी सही बाकी आहे. 'कन्सिडरिंग' किंवा 'कुड' दिसलं की समजायचं, चर्चा चालू आहे आणि ती बाहेर यावी असं कोणाला तरी वाटतंय. कोणाला, हे बातमीत कधीच नसतं. सप्टेंबरमध्ये फिरणाऱ्या बहुतेक चर्चा या शेवटच्या जातीच्या असतात.

बातमी कधीकधी माणसाच्याही पुढे धावते. 22 ऑगस्ट 2024 ला मरिनर्सनी स्कॉट सर्व्हिसला काढलं तेव्हा संघ 64-64 (64 विजय, 64 पराभव) असा बरोबरीत होता. वरिष्ठांशी बोलणं व्हायच्या आधीच सर्व्हिसला ते बातम्यांतून कळलं. वाचणाऱ्याला वेग मिळतो, ज्याची नोकरी जाते त्याची मात्र शोभा होते.

या संकेतस्थळाची सर्वांत जमेची बाजू म्हणजे करारांचा हिशेब. कोणाचं शेवटचं वर्ष चालू आहे, कोणाच्या पुढच्या वर्षाचा पर्याय (हवं तर करार वाढवायची मुभा) क्लबच्या हातात आहे, कोणाला नुकतीच मुदतवाढ मिळालीय, याचा आढावा इथे वेळोवेळी येतो. एप्रिलमध्येच तो वाचून ठेवला तर सप्टेंबरच्या निम्म्या बातम्यांचं आश्चर्य वाटत नाही. बोचीचा करार 2025 ला संपत होता. ब्रेव्हजच्या ब्रायन स्निटकरचाही तेव्हाच संपत होता, आणि 1 ऑक्टोबरला तो पायउतार झाला. नॅशनल्सनी 6 जुलै 2025 ला डेव्ह मार्टिनेझ आणि जनरल मॅनेजर माइक रिझो या दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं, तेव्हा 'आत्ताच का, हंगाम तरी संपू द्यायचा' असं अनेकांना वाटलं. उत्तर करारातच होतं. दोघांच्याही 2026 च्या पर्यायावर जुलैमध्येच निर्णय द्यायचा होता. पुढचं वर्ष द्यायचं नाही हे ठरल्यावर तीन महिने नुसतं बसवून ठेवण्यात क्लबला अर्थ वाटला नाही.

कापलेला तारा इथलाच. खेळाडूंच्या करारांचा पै न् पैचा हिशेब या संकेतस्थळावर सापडतो. मॅनेजरच्या बाबतीत तो विरळ आहे. पूर्ण दोष त्यांचाही नाही. खेळाडूंची संघटना आहे, मॅनेजरची नाही, आणि अनेक क्लब मॅनेजरच्या करारातली रक्कम किंवा वर्षंसुद्धा जाहीर करत नाहीत. मोठे आकडे तेवढे बाहेर येतात: क्रेग काउन्सेलचे शिकागो कब्जकडून 5 वर्षांचे 4 कोटी डॉलर, डेव्ह रॉबर्ट्सचे डॉजर्सकडून 4 वर्षांचे 3 कोटी 24 लाख डॉलर. बाकीच्यांच्या बाबतीत 'मुदतवाढ दिली, तपशील उघड केले नाहीत' एवढंच वाचायला मिळतं. माहिती नसताना आकडा ठोकून देत नाहीत, हे चांगलंच. पण 30 मॅनेजरांचा एकच कायमचा तक्ता, प्रत्येक बदलाबरोबर ताजा होणारा, त्यांनी करायला हवा होता. आज आढावा शोधून काढावा लागतो, आणि मध्ये काय बदललं ते आपणच जोडून घ्यायचं.

आणि करार वाचता आला म्हणजे भविष्य वाचता आलं, असंही नाही. मेल्विनचंच बघा. 1 जुलै 2025 ला जायंट्सनी त्याचा 2026 चा पर्याय उचलला. कागदावर माणूस पक्का. संघ 81-81 वर थांबला आणि पर्याय उचलल्याला तीन महिने पुरे व्हायच्या आत गच्छंती. बाल्डेलीचाही 2026 चा पर्याय आधीच उचललेला होता. रेड्सच्या डेव्हिड बेलला जुलै 2023 मध्ये तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली, आणि 22 सप्टेंबर 2024 ला, फक्त पाच सामने उरलेले असताना, त्याला काढलं. क्लबच्या दृष्टीने मॅनेजरचं एक वर्ष म्हणजे चिल्लर. उरलेले पैसे देऊन मोकळं होणं त्यांना परवडतं. पर्याय उचलण्यामागे बहुतेक वेळा हेतू एवढाच असतो की ड्रेसिंग रूममध्ये 'हा किती दिवसांचा पाहुणा' अशी कुजबुज होऊ नये.

म्हणून कराराच्या जोडीला आणखी एक गोष्ट तपासायची: याला आणलं कोणी, आणि तो माणूस अजून वर बसलाय का? मेल्विनला 2023 मध्ये जायंट्सचे तेव्हाचे बेसबॉल प्रमुख फरहान झैदी यांनी आणलं होतं. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस झैदी गेले आणि त्यांच्या जागी बस्टर पोझी आले. वारशाने आलेला मॅनेजर नवा साहेब सहसा एखादा हंगाम चालवून घेतो, मग स्वतःच्या पसंतीचा आणतो. पोझी यांनी तर टेनेसी विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक टोनी व्हिटेलो आणला, ज्याच्या गाठीला व्यावसायिक बेसबॉलचा एक दिवसाचाही अनुभव नव्हता. अशी निवड साहेब स्वतःच्या जबाबदारीवरच करतो. ट्रेड रूमर्सच्या बातमीत 'कोणी नेमलं' हे वाक्य जवळजवळ नेहमी असतं, फक्त तळाशी असतं. तिथपर्यंत वाचा.

काही प्रकरणं मात्र कुठल्याच चाळणीत सापडत नाहीत. 2023 मध्ये कब्जचा डेव्हिड रॉस कोणाच्याही यादीत नव्हता. संघ 83-79, करार 2024 पर्यंत, वरचे साहेबही तेच. तिकडे ब्रूअर्सबरोबरचा काउन्सेलचा करार संपला, सगळे त्याचं नाव मेट्सशी जोडत राहिले, आणि 6 नोव्हेंबरला कब्जनी काउन्सेलला घेऊन रॉसला निरोप दिला. पाड्रेसचा माइक शिल्ट 2025 मध्ये प्लेऑफ खेळला, करार शिल्लक होता, आणि ऑक्टोबरमध्ये त्याने स्वतःच निवृत्ती घेतली. याचा दोष सेवेला देता येत नाही. उलट अशा वेळी इथे 'आम्ही आधीच म्हणत होतो' असा सूर लागत नाही, हे मला आवडतं.

हंगामाच्या मध्येच मॅनेजर बदलला असेल तर जोडीला बेसबॉल रेफरन्स हे आकडेवारीचं संकेतस्थळ उघडा. तिथे संघाच्या पानावर प्रत्येक मॅनेजरची जय-पराजयाची नोंद वेगळी मिळते. 2025 चे चार संघ शेजारी मांडले की तात्पुरत्या मॅनेजरबद्दलचा एक लाडका गैरसमज गळून पडतो. ओरिओल्स ब्रँडन हाइडच्या हाताखाली 15-28 होते, टोनी मॅन्सोलिनोने उरलेले सामने 60-59 असे सावरले. तरी कायमची खुर्ची क्रेग अल्बर्नाझला मिळाली. रॉकीज बड ब्लॅकच्या काळात 7-33, वॉरन शेफरच्या काळात 36-86. आणि शेफर कायम झाला. पायरेट्सनी डेरेक शेल्टनला 12-26 वर काढलं, डॉन केलीने 59-65 केलं आणि तो टिकला. नॅशनल्सच्या मिगेल कायरोचे 29-43 उपयोगी पडले नाहीत. नुसत्या आकड्यांवरून खुर्ची ठरत असती तर मॅन्सोलिनो पहिला पक्का व्हायला हवा होता. आणि मे महिन्यात नारळ मिळालेला शेल्टन ऑक्टोबरमध्ये बाल्डेलीच्या जागी ट्विन्सकडे रुजू होणार हे निश्चित झालं. या धंद्यात 'काढलेला' हा शिक्का फार दिवस राहत नाही.

आता वापराचं. ट्रेड रूमर्सचं ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे. उत्साहाच्या भरात तीसच्या तीस संघांच्या सूचना चालू करू नका. क्लबनी छोट्या-छोट्या करारांवर घेतलेले आणि वेव्हरवरून (दुसऱ्या संघांनी सोडलेल्यांच्या यादीतून) उचललेले खेळाडू इतके असतात की जुलैअखेर, अदलाबदलीची मुदत जवळ आली की, फोन हातात धरवत नाही आणि मॅनेजरची बातमी त्यात बुडून जाते. ज्यांची खुर्ची डळमळीत वाटते असे पाच-सहा संघ निवडा, बाकीच्यांसाठी दिवसातून एकदा मुख्य पान चाळा. एकाच मॅनेजरचा माग काढायचा असेल तर बातमीच्या तळाशी त्याच्या नावाची खूण असते. त्यावर टिचकी मारली की त्याच्यावरच्या जुन्या बातम्या उलट्या क्रमाने लागतात. तिथे 'पूर्ण विश्वास आहे'पासून 'नव्या आवाजाची गरज होती'पर्यंतचा प्रवास अर्ध्या तासात वाचून होतो.

वाचकांच्या प्रतिक्रिया हा वेगळाच कारखाना आहे. यँकीजच्या कुठल्याही बातमीखाली ॲरन बूनला हाकला म्हणणारे हजर असतात, मग बातमी तिसऱ्या फळीतल्या कॅचरची का असेना. करमणूक म्हणून ठीक, माहिती म्हणून शून्य. मोफत आवृत्तीत जाहिराती भरपूर आहेत, आणि फोनच्या ब्राउझरवर त्या जाचतात. पैसे भरून 'फ्रंट ऑफिस' घेतलं की जाहिराती जातात, शिवाय सभासदांसाठीचे लेख आणि लेखकांबरोबर थेट प्रश्नोत्तरं मिळतात. केवळ मॅनेजरच्या चर्चेसाठी ते घ्यायची गरज नाही. स्वतःच्या संघाची हिवाळ्यातली सगळी जुळवाजुळव बघायची असेल तर विचार करा.

इतरत्र दिसणाऱ्या 'सर्वांत आधी कोण जाणार' छापाच्या याद्या आणि सट्टेबाजीचे भाव यांच्या नादी लागू नये. तिथला भाव पैसे कुठे लागलेत ते सांगतो, मालकाच्या मनात काय आहे ते नाही. शिवाय तोच भाव उचलून बातमी होते, बातमी वाचून भाव हलतो, आणि हा झोपाळा आठवडाभर झुलत राहतो. ट्रेड रूमर्सवर मूळ वार्ताहराचं नाव असल्यामुळे एकच बातमी चार तोंडांनी आलीय हे निदान लक्षात तरी येतं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी घड्याळाचं गणित. हंगामाच्या शेवटच्या रविवारचे सामने आपल्याकडे सोमवारच्या पहाटेपर्यंत चालतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा आपण तेव्हा साडेनऊ तास पुढे, म्हणजे तिथे सकाळी 10 ला निघालेलं पत्रक इथे संध्याकाळी साडेसातला दिसतं. सोमवारी दिवसभर पान ताजं करत बसण्यात अर्थ नाही, संध्याकाळनंतर उघडा. वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, सुरू झाली की मोठ्या घोषणा सामन्याच्या दिवशी करू नयेत, असा लीगचा आग्रह असतो. त्यामुळे तेव्हाची शांतता फसवी असते. नेमणुका ठरत असतात, फक्त जाहीर होत नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेदहा तासांचं होतं. रॉससारखे धक्के नेमके त्याच आठवड्यात बसतात, तेव्हा सूचना बंद करायची घाई नको.