फोन मामांच्या खिशात, ताबा भलत्याकडे

फोन हॅक झाला की तो तापतो, बॅटरी भराभर उतरते, स्क्रीनवर भलत्यासलत्या जाहिराती नाचू लागतात, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मामांच्या फोनला यातलं काहीही झालं नाही. फोन नेहमीसारखा चालत होता, बॅटरी दिवसभर पुरत होती, आणि त्याच फोनच्या आधाराने त्यांच्या खात्यातून दोनदा मोठी रक्कम निघून गेली. हे मामांना विचारूनच लिहितोय. "माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं सांग," एवढीच त्यांची अट.

मामांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. अनोळखी माणसाला ओटीपी सांगणाऱ्यातले ते नव्हेत, आणि या प्रकरणातही त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. हे मुद्दाम आधीच सांगतो, कारण अशी बातमी कानावर आली की "दिला असेल कोड कुणालातरी" म्हणून लोक मोकळे होतात आणि पुढचं ऐकतच नाहीत.

सुरुवात कुरियरच्या मेसेजने झाली. पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकलं आहे, खालच्या लिंकवर दुरुस्त करा, असा मजकूर होता. मामांचं एक पार्सल खरोखरच यायचं होतं. चोराला ते ठाऊक असायची गरजच नसते. एकच मेसेज हजारो लोकांना धाडला की त्यातल्या कितीतरी जणांचं पार्सल वाटेत असतंच. फ्लूबॉट नावाच्या अँड्रॉइडवरच्या घातक ॲपने युरोपात धुमाकूळ घातला, तोही बराचसा पार्सलच्या अशाच मेसेजांवर. ११ देशांच्या तपास यंत्रणांनी मिळून २०२२ मध्ये त्याचा कारभार बंद पाडला. युक्ती मात्र जिवंत आहे, आणि ती अजून चालते.

लिंक उघडल्यावर पत्त्याचा फॉर्म आला नाही, एक ॲप डाउनलोड झालं. ही फाइल अनोळखी ठिकाणची आहे, असा इशारा फोनने दिला. पण त्या पानावर "असा इशारा आल्यास काय करावं" हे चित्रांसकट समजावलेलं होतं, तेही कुरियरच्या चिन्हाखाली आणि त्यांच्याच रंगांत. त्यापुढे मागितलेली परवानगी सगळ्यात घातक होती: ॲक्सेसिबिलिटी. ज्यांना कमी दिसतं किंवा ज्यांच्या हातांच्या हालचालीला मर्यादा आहेत, त्यांच्यासाठी अँड्रॉइडमध्ये ही सोय दिलेली आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. म्हणजे पुढच्या परवानग्या तुम्ही द्यायची गरजच उरत नाही. फोन विचारतो आणि तेच ॲप "परवानगी द्या" दाबून मोकळं होतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी सरळसोट देता येत नाही, सेटिंगमध्ये जाऊन वेगळी मुभा द्यावी लागते. ती कशी द्यायची हेही चोर चित्रांसकट शिकवतात.

यानंतर ॲपचं चिन्ह कुठे दिसेना. मामांना वाटलं, नीट उतरलंच नसेल. पुढे पार्सल आपोआप घरी आलं आणि विषय डोक्यातून गेला.

आतल्या आत मात्र काम सुरू झालं होतं. मामा बँकेचं ॲप उघडत, पिन टाकत, ते सगळं वाचलं जात होतं. नंतर चोराने व्यवहार केले तेव्हा आलेले ओटीपी त्या ॲपनेच वाचले, पुढे पाठवले आणि सूचना पुसून टाकल्या. मेसेज आल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

कळलं कसं? मामांच्या एका जुन्या मित्राचा फोन आला: "तू मला ही कसली लिंक पाठवलीस?" मामांनी काही पाठवलंच नव्हतं. मी म्हणेन, हे सगळ्यात भरवशाचं लक्षण. आपल्या नावाने आपण न लिहिलेले मेसेज लोकांना जाऊ लागले की बॅटरीचा आलेख बघत बसू नये, सरळ वाईटातलं वाईट गृहीत धरावं. (वेगळ्याच नंबरवरून नुसतं आपलं नाव-फोटो लावून दुसराच कुणी मेसेज करतो, तो प्रकार वेगळा. म्हणून आधी बघायचं की मेसेज आपल्याच नंबरवरून गेलाय का.)

माझी मामेबहीण, म्हणजे ताई, तेव्हा घरीच होती. तिने सेटिंगमध्ये ॲपची यादी उघडली तर ते पान लगेच मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिथे तिची खात्री पटली. असं ॲप स्वतःला काढू देत नाही. आपलं पान उघडलं की ते स्वतःच "मागे" दाबतं. घातक ॲप्स शोधणारी गूगल प्ले प्रोटेक्ट ही तपासणी बंद होती, मामांनी ती कधी बंद केली नव्हती. आणि व्हॉट्सॲपच्या "लिंक केलेली डिव्हाइस" मध्ये एक अनोळखी संगणक जोडलेला होता.

या जागा कुणालाही दोन-चार मिनिटांत बघता येतात, काही झालेलं नसलं तरी. ॲक्सेसिबिलिटी कुणाला दिली आहे, सूचना वाचायची मुभा कुणाला आहे, डिव्हाइस ॲडमिन (म्हणजे फोनवर खास ताबा असलेलं ॲप) कोण आहे, मेसेजसाठी ठरलेलं ॲप कुठलं आहे, आणि गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात कुठकुठली उपकरणं दिसतात. बॅटरी, तापणं, मंदपणा यांवर मी फार विसंबत नाही. जुनी बॅटरी आणि एखादं फुगलेलं ॲप हेच सगळं करतं. ब्राउझरमध्ये "तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले, आत्ताच स्वच्छ करा" अशी पाटी झळकली तर ती निव्वळ जाहिरात असते. फोन तोवर ठीक असतो, ते "स्वच्छ करणारं" ॲप घेतल्यावर बिघडतो.

आता खरा मुद्दा. असं काही लक्षात आलं की घाबरून आपण ज्या गोष्टी आधी करतो, त्या जवळजवळ सगळ्या चोराच्या सोयीच्या असतात. मामांनी लगेच म्हटलं, "थांब, आधी पासवर्ड बदलतो." त्याच फोनवरून! ज्या फोनवर टाकलेलं अक्षर न् अक्षर वाचलं जातंय, त्यावर नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोर घरात उभा असताना त्याच्यादेखत नवं कुलूप लावून किल्ली खुंटीला टांगणं. ताईने त्यांच्या हातून फोन अक्षरशः काढून घेतला.

तिने विमान मोड लावला, वाय-फाय बंद असल्याची खात्री केली आणि सिम काढून घेतलं. विमान मोडमध्येही वाय-फाय चालू राहू शकतं, हे बरेच जण विसरतात. इंटरनेट तुटलं की पलीकडून येणारे हुकूम थांबतात. फोन तिने बंद केला नाही आणि लगेच पुसूनही टाकला नाही. रीसेट केल्यावर तक्रारीसोबत द्यायला काहीच उरत नाही. मूळ मेसेज, लिंक, व्यवहारांच्या नोंदी यांचे फोटो तिने आपल्या फोनने काढून ठेवले.

मग बँक. फोन साफ करण्याच्या आधी बँक, हे मी दहादा सांगेन. गेलेली रक्कम मधल्या कुठल्यातरी खात्यात थांबलेली असते तोवरच ती गोठवता येते. तिथून ती फार लवकर पुढे फिरते. दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन लावून ताईने मामांकडून खातं, कार्ड आणि मोबाईल बँकिंग बंद करवलं. नंबर इंटरनेटवर शोधायचा नाही. तिथे खोटे ग्राहक सेवा नंबर पेरून ठेवलेले असतात आणि अशा घाईतली माणसंच त्यांना हवी असतात. तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला, पोलिसांकडेही त्याच दिवशी नोंद केली.

सिम तिने एका साध्या बटणवाल्या फोनमध्ये घातलं, म्हणजे पुढचे कोड स्वच्छ फोनवर यावेत. पण इथे एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. बँकेकडून येणारा फोन येईचना. मामांचे कॉल दुसऱ्याच नंबरवर वळवलेले होते. कॉल फॉरवर्डिंगची नोंद फोनमध्ये नसते, मोबाईल कंपनीच्या नेटवर्कमध्ये असते. त्यामुळे फोन बदला, पुसून टाका, फेकून द्या, कॉल वळतच राहतात. जीएसएम नेटवर्कवर *#२१# डायल केलं की सगळे कॉल वळवले आहेत का ते दिसतं, ##००२# ने सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात. कोड चालला नाही तर कंपनीला सांगून रद्द करून घ्यायचं. *#२१# डायल केल्यावर "फोन टॅप होतोय का ते कळतं" असा एक मेसेज फिरत असतो, तो खोटा आहे. तो कोड फक्त फॉरवर्डिंग दाखवतो. उलट कुणी अनोळखी माणूस आकड्यांपुढे तारा (*) आणि चौकट (#) असलेला कोड डायल करायला सांगत असेल, तर त्याला आपले कॉल स्वतःकडे वळवून हवे आहेत एवढं समजावं.

पासवर्ड ताईच्या लॅपटॉपवरून बदलले. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायची वाट ईमेलमधून जाते. बदलल्यावर "सगळीकडून बाहेर पडा" हेही दाबायचं. काही ठिकाणी पासवर्ड बदलूनही आधी आत शिरलेला आतच राहतो. ईमेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कुणी लावून ठेवलाय का, आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर आपलाच आहे का, तेही तिने पाहिलं. व्हॉट्सॲपमधलं ते अनोळखी उपकरण काढलं आणि टू-स्टेप पिन लावला. हा पिन आपण लावलेला नसेल आणि चोराने लावला, तर खातं परत घ्यायला ७ दिवस थांबावं लागू शकतं.

फोन सगळ्यात शेवटी. सेफ मोडमध्ये चालू केला की बाहेरून घातलेली ॲप्स झोपलेली राहतात, तेव्हा ते ॲप यादीत सापडलं. नाव एखाद्या सिस्टिमच्या भागासारखं साळसूद. आधी त्याची ॲडमिनची परवानगी काढली, मग ते काढलं. तरीही फॅक्टरी रीसेट केलाच. फोटो आणि नंबर तेवढे वाचवले, ॲप्स बॅकअपमधून न आणता अधिकृत स्टोअरवरून नव्याने घेतली. रीसेटने नेहमीची अशी ॲप्स जातात. रीसेटनंतरही परत येणारं एक्सहेल्पर नावाचं घातक ॲप २०१९ च्या सुमारास सापडलं होतं, पण तसे प्रकार विरळा. आयफोनवाल्यांनी फार निश्चिंत राहू नये; तिथे असं बाहेरचं ॲप सहसा शिरत नाही, मात्र ॲपल खात्याचा पासवर्ड हाती लागला तर चोराला ॲपची गरजही पडत नाही. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल मला दोघा-तिघांनी विचारलं. ते पत्रकार, कार्यकर्ते, राजकारणी अशा निवडक माणसांवर वापरलं गेलेलं महागडं हत्यार आहे. आपल्यासारख्यांसाठी कुरियरचा मेसेज पुरतो.

आणि एवढं होऊनही चोरी संपली नव्हती. मामांनी आपला अनुभव चार लोकांसमोर मांडल्यावर एका "सायबर तज्ज्ञाचा" मेसेज आला. गेलेले पैसे कुठल्या खात्यात आहेत ते आपल्याला दिसतंय, थोडं शुल्क भरा, आणि स्क्रीन दाखवणारं एक ॲप घ्या, मी बसल्या जागी काढून देतो. एकदा फसलेला माणूस परत मिळण्याच्या आशेवर असतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं, आणि फसलेल्यांच्या याद्या ते एकमेकांना विकतातही. मामा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी त्याला जुन्या सवयीने शुल्काची रीतसर पावती आणि नोंदणी क्रमांक मागितला. उत्तर आलं नाही.

दुसरा व्यवहार पुढच्या खात्यात गोठवता आला, ती रक्कम परत आली. पहिल्याची तक्रार अजून चालू आहे. बँक कागद मागते, मामा फाइल घेऊन जातात.