साडीचं कार्ड: मीडिया क्वेरी की कंटेनर क्वेरी?

बेळगावातल्या शहापूरच्या साडी दुकानाची मराठी-कन्नड साइट करताना हा पेच हमखास पडतो: एकच कार्ड (फोटो आणि माहितीची चौकट) मुख्य पानावर रुंद, बाजूच्या पट्टीत अरुंद. रुंदीप्रमाणे मांडणी बदलायला CSS मध्ये, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेत, दोन प्रकारचे नियम आहेत.

मीडिया क्वेरी बघते ब्राउझरच्या खिडकीची रुंदी. खानापूरकडच्या जुन्या मोबाइलवरही चालते, पण पट्टी अरुंद झालेली तिला कळत नाही. मग प्रत्येक जागेसाठी वेगळा नियम लिहा, आणि मांडणी बदलली की सगळे आकडे पुन्हा तपासा. इथेच खरा वेळ जातो.

कंटेनर क्वेरी कार्ड ज्या डब्यात (कंटेनरमध्ये) बसतं त्याची रुंदी मोजते. बाहेरच्या डब्याला 'container-type: inline-size' द्यायचं, मग ४०० पिक्सेलपुढे फोटो डावीकडे, मजकूर उजवीकडे. ज्याला कंटेनर केलं त्यालाच ती क्वेरी लागू होत नाही, म्हणून बाहेरून जास्तीचा एक डिव्ह (HTML मधला साधा डबा) लागतो. तो डबा इनलाइन-ब्लॉक (आतल्या मजकुराइतकीच रुंदी घेणारा) असेल तर रुंदी शून्यावर येऊन कार्ड गायब होतं. त्याला ठरावीक रुंदी द्या. कंटेनर क्वेरी क्रोम १०५, सफारी १६, फायरफॉक्स ११० या आवृत्त्यांपासून पुढे चालते. त्याआधीच्यांसाठी एका स्तंभाची साधी मांडणी मूळ ठेवा.

पानाचा सांगाडा, मेनू, छपाई यांना मीडिया क्वेरीच. अनेक जागी वापरायच्या कार्डाला कंटेनर क्वेरी. चार पानी साध्या साइटला कंटेनर क्वेरीची गरज नाही.