रोजगार मेळावा, हॅकॅथॉन, मीटअप की कॉन्फरन्स? सीएस (कॉम्प्युटर सायन्स) वाल्यांनी शनिवार कुठे घालवायचा

सेमिस्टर सुरू झालं की ज्युनियर्सचे मेसेज चालू होतात. ताई एसआयएच (स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन, टीमने सलग बसून काहीतरी बनवायची सरकारी स्पर्धा) करू का, ताई डेव्हफेस्टला (गूगल डेव्हलपर ग्रुपचा मोठा कार्यक्रम) जाऊन खरंच काही फायदा होतो का, ताई बंगळूरला कॉन्फरन्स आहे, घरचे पैसे देतील का (आता हे मला कसं माहीत असणार बाबा). प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी पुण्यात डेव्हलपर आहे, शिकले इथल्याच एका साध्या कॉलेजात जिथे कॅम्पसला मोजक्याच कंपन्या यायच्या, त्यामुळे हा सगळा हिशोब पुण्या-मुंबईतल्या साध्या कॉलेजवाल्यांचा आहे. आयआयटीवाल्यांनी वाचलं नाही तरी चालेल, तुमच्या दारात कंपन्या स्वतःच येतात.

बक्षीस किती, कंपन्या किती येणार, टीशर्ट मिळतो का, हे बघून इव्हेंट निवडू नका. मी दोनच गोष्टी बघते. तिथे माझ्याशी बोलणारा माणूस ऑफिसात रोज काय काम करतो, आणि तोच माणूस मला महिन्या-दोन महिन्यांनी परत भेटणारे का. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच दोन गोष्टींवर तोललंय.

रोजगार मेळावा आणि कॅम्पस

राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवून जायचे ते पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे वगैरे, हे फुकट असतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणीच होतात, सोलापूर-साताऱ्याच्या पोराला त्यासाठी पुण्याला यायची गरज पडत नाही, हा मोठा प्लस पॉइंट. पण सीएसवाल्याने जायचं तर आधी रिक्त जागांची यादी नीट बघायची. बहुतेक जागा आयटीआय, डिप्लोमा, प्रॉडक्शन ट्रेनी, सेल्स, बॅक ऑफिस अशा असतात, आयटीच्या नावाखाली जे असतं त्यात टेक सपोर्ट आणि डेटा एंट्री बरीच. टेबलामागे एचआरची दोन माणसं, समोर लांबलचक रांग, तुम्ही रिझ्युमे पुढे करता, ते पासिंग इयर आणि टक्के विचारतात, कोपऱ्यात पेनाने काहीतरी खरडतात आणि गठ्ठ्यावर ठेवतात, नेक्स्ट. त्यांची चूक नाही, एवढ्या गर्दीत तुमचा प्रोजेक्ट कोण ऐकणार. शेवटच्या वर्षाला असाल आणि नोकरी लगेच हवी असेल तर रिझ्युमेच्या दहा झेरॉक्स घेऊन जरूर जा. सेकंड इयरला जाऊन मात्र ऊन खाण्यापलीकडे काही होत नाही.

कॅम्पसचं प्री-प्लेसमेंट टॉक हा प्रकार पोरं फार वाया घालवतात. टीपीओ (कॉलेजचं प्लेसमेंट बघणारे) सरांनी अटेंडन्स सक्तीचा केला म्हणून यायचं, मागच्या रांगेत बसून रील्स बघायच्या आणि शेवटी एचआरला बॉन्ड किती वर्षांचा आणि पॅकेजमधलं फिक्स्ड किती हे विचारायचं. अरे पण एचआरबरोबर बऱ्याचदा एखादा इंजिनियरही आलेला असतो, आणि कित्येकदा तो आपल्याच कॉलेजचा पासआउट असतो, तो बिचारा स्टेजच्या बाजूला मोबाइल बघत उभा. त्याला जाऊन विचारा की जॉइन झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला काय काम दिलं होतं, टीममध्ये फ्रेशर्स किती, कोड रिव्ह्यू कोण करतं. मेळाव्यात अख्खा दिवस घालवून जे कळत नाही ते इथे दहा मिनिटांत कळतं, आणि तेही कॉलेजच्याच सेमिनार हॉलमध्ये.

कॉलेजात कंपन्याच येत नसतील तर ऑनलाइन कॉन्टेस्टचा रस्ता आहे. टीसीएसची कोडविटा 2012 पासून चालू आहे, इन्फोसिसची हॅकविथइन्फी आहे, दोन्हींत चांगली रँक आली की इंटरव्ह्यूपर्यंत जाता येतं. तिथे कोणाशी ओळख होत नाही पण कॉलेजचं नावही आडवं येत नाही.

हॅकॅथॉन

आता खरा वाद इथे आहे, कारण सगळ्यांना हॅकॅथॉनच करायचं असतं.

स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन 2017 ला सुरू झालं, प्रॉब्लेम स्टेटमेंट्स बहुतेक सरकारी मंत्रालयं आणि खात्यांकडून येतात, टीम सहा जणांची आणि त्यात निदान एक मुलगी पाहिजेच असा नियम. आधी कॉलेजची अंतर्गत फेरी, मग ठरलेल्या टेम्प्लेटमध्ये आयडिया पाठवायची, त्यातून शॉर्टलिस्ट झालात तर दुसऱ्या कुठल्यातरी शहरातल्या नोडल सेंटरवर ग्रँड फिनाले, सॉफ्टवेअरवाल्यांना सलग 36 तास. फिनालेला पोचलात तर मजा आहे, खोटं कशाला बोलू. ज्या खात्याने प्रॉब्लेम दिलाय त्याचे अधिकारी मधूनमधून येऊन तपासतात, पहिल्या फेरीत ते असं काहीतरी विचारतात की अख्खं डिझाइन बदलावं लागतं, उदाहरणार्थ तुम्ही झक्कास मोबाइल ॲप केलेलं असतं आणि ते विचारतात की जिथे रेंजच नाही तिथे आमचा माणूस हे वापरणार कसं. मग रात्री दोन वाजता ऑफलाइन सिंक लिहायला बसायचं. खरा वापरणारा माणूस समोर बसून कान पिळतोय हा अनुभव कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टमध्ये कधीच येत नाही, आणि इंटरव्ह्यूत सांगायला हीच गोष्ट सगळ्यात भारी असते, बक्षीस मिळो न मिळो.

पण तिथे भेटलेले लोक परत भेटतात का? सहसा नाही. अधिकारी आपल्या गावाला, तुम्ही आपल्या. नोकरी देणारा तिथे कोणी बसलेला नसतो. त्यात अलीकडे फिनाले डिसेंबरात पडतंय, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या ओरल, प्रॅक्टिकल आणि एंडसेमच्या आगेमागे. बॅकलॉग असेल तर दोनदा विचार करा, कारण बऱ्याच कंपन्यांच्या क्रायटेरियात नो ॲक्टिव्ह बॅकलॉग लिहिलेलं असतं.

आणि मुलींसाठी एक खास गोष्ट. नाव नोंदवायची तारीख जवळ आली की ग्रुपवर मेसेज पडतात, "एक मुलगी पाहिजे टीममध्ये, काही करायची गरज नाही, फक्त नाव." पाच जणांनी आपापसात काम वाटून घेतलेलं असतं आणि सहावीच्या वाट्याला पीपीटी आणि प्रेझेंटेशन. नियम चांगल्या हेतूने केलाय पण वापर असा होतो. अशा टीममध्ये जायचंच असेल तर आधीच विचारा, रेपोमध्ये (टीमचा सगळा कोड ठेवतात तिथे) माझ्या नावाचं मॉड्यूल कुठलं? उत्तर गोलगोल आलं तर सरळ नाही म्हणा, हाताशी दुसऱ्या मैत्रिणी असतील तर स्वतःची टीम काढा.

डेव्हफोलिओ आणि अनस्टॉप या साइट्सवर दिसणारी वीकएंडची खाजगी हॅकॅथॉन्स हा वेगळा प्रकार. चांगली असतात, कॉलेज कुठलं हे कोणी विचारत नाही, पिझ्झा मिळतो. अडचण अशी की स्पॉन्सर कंपनीचं टूल वापरल्याबद्दलचं बक्षीस असतं, मग सगळे त्या टूलभोवती काहीतरी गुंडाळून आणतात आणि सोमवारी तो प्रोजेक्ट मेलेला असतो. रिझ्युमेवर चार हॅकॅथॉनची नावं आणि चारही लिंक उघडत नाहीत, असे रिझ्युमे मी स्वतः बघितलेत आणि त्याचं इम्प्रेशन वाईटच पडतं. वर्षाला एकच करा, पण तो प्रोजेक्ट पुढे दोन महिने चालू ठेवा, दहा माणसांना वापरायला द्या.

मीटअप

एका विषयातली डेव्हलपर मंडळी अधूनमधून जमून टॉक ऐकतात आणि गप्पा मारतात, हा प्रकार सगळ्यात कमी ग्लॅमरवाला आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. पुण्यात पायथॉन पुणे आहे, जीडीजी (गूगल डेव्हलपर ग्रुप) पुणे आहे, सिक्युरिटीवाल्यांचं नल आहे, ओपन सोर्सवाल्यांच्या फॉस युनायटेडचा पुण्यात आणि मुंबईतही चॅप्टर आहे. बहुतेक कार्यक्रम फुकट, शनिवारी सकाळी, बाणेर-खराडीकडच्या कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसात. आधी आरएसव्हीपी करायचं (येतोय असं ऑनलाइन कळवायचं), गेटवर आयडी दाखवायचा, लॅपटॉपचा सिरियल नंबर वहीत लिहायचा आणि वर जायचं. खराडीला जायचं तर मेट्रोने रामवाडीपर्यंत जा आणि पुढे बस किंवा रिक्षा, चहापाण्यासकट खर्च दोनशेच्या आत बसतो. हॅकॅथॉनचं फुकट म्हणतात पण दुसऱ्या शहरात गेलात की जाण्यायेण्याचं गणित वेगळंच होतं.

पहिल्यांदा गेलात की अर्धं डोक्यावरून जाणार. कोणीतरी प्रॉडक्शनमध्ये मेमरी लीक कसा शोधला हे सांगत असतं आणि तुम्हाला फक्त स्लाइडवरचा मीम कळतो. चालतं. मधला ब्रेक महत्त्वाचा. हातात समोशाची प्लेट घेऊन पोरं भिंतीला टेकून आपल्याच मित्रांशी गप्पा मारतात, तेवढं करू नका. मित्राबरोबर जायला हरकत नाही पण आत गेल्यावर वेगवेगळे बसा. शेजारी बसलेला माणूस सहा-आठ वर्षं काम केलेला असतो, त्याला जॉब आहे का असं पहिल्याच वाक्यात विचारलं की तो हसून टाळतो, कारण हे त्याला दर वेळी कोणीतरी विचारतंच. त्यापेक्षा स्पीकर काय म्हणाला त्यातलं न कळलेलं विचारा. माणसांना समजावून सांगायला आवडतं, त्यात आपल्याकडच्या सीनियर लोकांना तर फारच.

खरी किल्ली पुढे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गेलात की ऑर्गनायझर तोंडाने ओळखायला लागतो. हे सगळं व्हॉलंटियर्सवर चालतं आणि माणसं कायम कमी असतात, रजिस्ट्रेशन डेस्क सांभाळायला, प्रोजेक्टर जोडायला, स्पीकरला फोन करायला. मदत करू का विचारलंत की नाही कोण म्हणणार. पुढे पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉक द्या, विषय अगदी छोटा चालतो, मेसच्या हिशोबासाठी लिहिलेली स्क्रिप्ट सुद्धा. पाच मिनिटं धड बोललात की खोलीतल्या चाळीस माणसांना तुमचं नाव माहीत झालं, हे मेळाव्यात वर्षभर उभं राहून होत नाही.

रेफरलचंही (कंपनीतल्याच माणसाने तुमचं नाव आत पुढे करणं) इथेच सांगते. रेफर केलेला माणूस लागला तर बऱ्याच कंपन्या एम्प्लॉयीला बोनस देतात, त्यामुळे तुम्ही त्याच्यावर ओझं टाकताय असं समजू नका. पण त्याने आपलं नाव लावायचं म्हणजे तुमचं काम त्याने बघितलेलं पाहिजे, आणि ते मीटअपवाल्या माणसाने बघितलेलं असतं. त्याला एका पानाचा रिझ्युमे, त्या पोस्टचा जॉब आयडी आणि तुम्ही त्यात कुठे बसता याच्या तीन ओळी एकाच मेसेजमध्ये द्या, फक्त "हाय दादा" लिहून वाट बघत बसू नका. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरला रेफरलचा तसा उपयोग नाही, तिथे कॅम्पस नाहीतर त्यांची परीक्षा. छोट्या प्रॉडक्ट कंपन्या आणि इंटर्नशिप, रेफरल खरा चालतो तो इथे.

मोठ्या कॉन्फरन्स

पायथॉनवाल्यांची पायकॉन इंडिया 2009 पासून होते, फॉस युनायटेडची इंडियाफॉस त्यामानाने नवी, 2024 आणि 2025 ला दोन्ही बंगळूरात सप्टेंबरात झाल्या. तिकीट, प्रवास, राहणं धरलं तर विद्यार्थ्याला जडच जातं. पण पायकॉनला विद्यार्थ्यांसाठी स्वस्त तिकीट आणि आर्थिक मदतीची सोय असते, अर्ज लवकर करायचा, फॉर्ममध्ये गरिबीवर निबंध लिहिण्यापेक्षा तुम्ही काय करता ते लिहायचं. मुलींनी ग्रेस हॉपर सेलिब्रेशन इंडियाची (टेकमधल्या बायकांची कॉन्फरन्स) स्टुडंट स्कॉलरशिप बघावी, तिथला करियर फेअर सीरियस असतो. सिक्युरिटीवाल्यांचं नलकॉन गोव्यात होतं, महाग आहे, सेकंड इयरला स्वतःच्या खिशातून जाऊ नका, त्याच लोकांचं पुण्यातलं मासिक नल फुकट आहे.

कॉन्फरन्सला जायचं तर आधी वर्षभर मीटअप केलेले बरे. ओळखीचे चार चेहरे असले की ते तुम्हाला जेवणाच्या टेबलावर बाकीच्यांशी जोडून देतात, नाहीतर त्या गर्दीत तुम्ही बूथवरचे स्टिकर गोळा करून परत येता. पायकॉनला शेवटी डेव्ह स्प्रिंट्स असतात, ओपन सोर्स प्रोजेक्टच्या मेंटेनरशेजारी बसून कोड करायचा, बरीच मंडळी त्याआधीच परतीची गाडी पकडतात. थांबता येत असेल तर थांबा.

जीडीजीचं डेव्हफेस्ट पुण्यातच होतं, मीटअप आणि कॉन्फरन्सच्या मधलं म्हणा, गर्दी फार पण एकदा जायला हरकत नाही. आयआयटी बॉम्बेचं टेकफेस्ट, सीओईपीचं माइंडस्पार्क, पीआयसीटीचं क्रेडेंझ, हे बघायला मस्त, स्पर्धा चांगल्या, नोकरीच्या ओळखीसाठी मात्र जाऊ नका. तिथे सगळे तुमच्यासारखे विद्यार्थीच असतात.

तर माझा कौल असा. फर्स्ट-सेकंड इयरला मीटअप, जमेल तसे, आणि एक अंतर्गत हॅकॅथॉन. थर्ड इयरला एसआयएच करा, टीम चांगली असेल तरच, आणि मीटअप सोडू नका कारण इंटर्नशिप तिथूनच निघते. कॉन्फरन्स एकदा, मदत मिळाली तर. शेवटच्या वर्षाला कॅम्पस आणि परीक्षा आधी, ऑफर नसेल तर मेळावा. गावाकडच्या कॉलेजात असाल आणि दर महिन्याला पुण्याला येणं परवडत नसेल तर या ग्रुप्सच्या टेलिग्राम-डिस्कॉर्डवर आधी सामील व्हा, दोन-तीन महिन्यांतून एकदा आलात तरी नावं ओळखीची असतील.

पैसे भरून सर्टिफिकेट देणारे दोन दिवसांचे "इंडस्ट्री नेटवर्किंग वर्कशॉप" कोणी कॉलेजात विकायला आलं तर विचारा, स्पीकर कोण आणि कुठल्या कंपनीत कुठल्या टीमवर आहे. नाव मिळालं तर लिंक्डइनवर शोधा. "इंडस्ट्री एक्सपर्ट" एवढंच उत्तर आलं तर ते पैसे दोन वेळच्या खराडीच्या रिक्षाला ठेवा.