रास्पबेरी पाय ५ वर पायट्रॅक: काही महिन्यांच्या वापरानंतर

पायट्रॅक हा रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर घरी बांधायचा, ओपन सोर्स गोल्फ लाँच मॉनिटर, म्हणजे मारलेल्या बॉलचा वेग, कोन आणि स्पिन (फिरकी) मोजणारं यंत्र. काही महिने नियमित वापरून झालेलं मत आधीच सांगतो. बॉलचा वेग आणि उडण्याचा कोन यांवर बिनधास्त विसंबावं, स्पिनवर जरा बेतानं. इन्स्टॉल करताना गाडी अडली, तर दोष प्रोग्राममध्ये शोधत बसू नका. तो बहुतेक वेळा केबल, ट्रिगर (कॅमेऱ्याला फोटो घ्यायचा इशारा) किंवा पॉवर सप्लायमध्ये सापडतो. म्हणून एकेक थर तपासत वर जायचं.

बोर्ड ८ जीबीचा घ्या. ओपनसीव्ही (चित्रं तपासणारी लायब्ररी) सोर्सवरून कंपाइल करायची वेळ आली, तर ४ जीबी बोर्डवर चारही कोअर लावताच मेमरी संपते आणि कंपायलर फक्त ‘किल्ड’ एवढं सांगून मध्येच मरतो. लोक याला कोडमधली चूक समजतात. अशा वेळी स्वॅप (कार्डावरची जादा मेमरी) २ जीबी करावा, एका वेळी चालणारे जॉब दोनवर आणावेत आणि पुन्हा चालवावं. ॲक्टिव्ह कूलर हवाच. सप्लाय ५.१ व्होल्टला ५ अँपिअर देणारा, ‘२७ वॉट’ नावानं मिळणारा अधिकृत. ३ अँपिअरच्या चार्जरवर बोर्ड सुरू होतो, पण यूएसबीला मिळणारा करंट ६०० मिलिअँपिअरवर अडवला जातो आणि लोड आला की व्होल्टेज पडतं.

कॅमेऱ्याच्या रिबन केबलमध्ये बरेच जण फसतात. पायट्रॅकमध्ये दोन ग्लोबल शटर कॅमेरे (पूर्ण चित्र एकाच क्षणी टिपणारे) असतात. त्यांच्यावर १५ पिनांचा कनेक्टर आहे, पाय ५ वर २२ पिनांचा छोटा. त्यामुळे कॅमेऱ्यासोबत आलेली केबल इथे चालत नाही, स्टँडर्ड ते मिनी अशी वेगळी घ्यावी लागते. दुकानात हुबेहूब तशीच दिसणारी डिस्प्ले केबल मिळते. तिची जोडणी वेगळी असते, तेव्हा पाकिटावर ‘कॅमेरा’ लिहिलंय ना ते बघूनच पैसे द्या. लावून झालं की आरपीआयकॅम या कॅमेरा प्रोग्रामच्या यादीच्या कमांडनं दोन्ही कॅमेऱ्यांचे आयएमएक्स २९६ सेन्सर दिसतात का ते बघा. तिथे एकच दिसत असेल, तर पुढचं काहीही इन्स्टॉल करू नका.

आता ट्रिगर. ६० मीटर प्रति सेकंदानं सुटलेला बॉल १ मिलिसेकंदात ६ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणून शटर उघडं ठेवून अंधारात इन्फ्रारेड एलईडीचे अतिशय छोटे झोत मारतात आणि एकाच फोटोत बॉलच्या अनेक प्रतिमा घेतात. २० मायक्रोसेकंदांच्या झोतात तोच बॉल फक्त १.२ मिलिमीटर सरकतो, म्हणून कड स्वच्छ येते. त्यासाठी कॅमेरा बाहेरच्या पल्सवर (विजेच्या छोट्या इशाऱ्यावर) चालायला हवा. रास्पबेरी पायच्या कॅमेरा बोर्डावर आर ११ हा रेझिस्टर बसवलेला असेल, तर तो काढावा लागतो. ट्रिगरची पिन १.८ व्होल्टची आहे, जीपीआयओ (पायच्या बोर्डावरच्या पिना) ३.३ व्होल्टचं. थेट जोडू नका. मध्ये १.५ आणि १.८ किलोओहमच्या रेझिस्टरांचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी जोडी) टाका, १.८ वाला ग्राउंडकडे.

ट्रिगर मोड चालू असताना पल्स आला नाही, तर प्रीव्ह्यू काळाच राहतो आणि थोड्या वेळानं टाइमआउटची एरर येते. कॅमेरा जळाला असं वाटतं, पण तो फक्त वाट बघत असतो. मोड शून्यावर आणा, चित्र परत येतं. हे सेटिंग कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअर ड्रायव्हरच्या पातळीवर आहे, एका कॅमेऱ्यापुरतं नाही. म्हणून दोन कॅमेरे असताना ते हातानं बदलत बसण्यापेक्षा पायट्रॅकसोबतच्या स्क्रिप्टवर सोडावं.

पल्स एसपीआय या बोर्डाच्या सिरियल जोडणीतून जातात, त्यामुळे एसपीआय चालू करायला विसरू नका. पिना हाताळणारी, जुन्या लेखांतली पिगपीओ लायब्ररी पाय ५ वर चालत नाही, इथे एलजीपीओ लागते. एलईडी मात्र सर्वांत शेवटी जोडा. बूट होताना मॉस्फेटचं (एलईडी चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचं) गेट तरंगतं, म्हणजे कशालाच न जोडलेलं राहिलं, तर एलईडी सलग पेटून जळतो. गेटवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावावा. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे बाहुली आकसत नाही आणि पापणीही मिटत नाही. चाचणी करताना एलईडीकडे कधीच थेट बघू नका.

स्ट्रोबच्या, म्हणजे एलईडीच्या झोतांत फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढावा लागतो. हे काम परत फिरवता येत नाही आणि वॉरंटीही जाते. सेन्सर खाली तोंड करून धरा, नाहीतर धूळ बसते आणि प्रत्येक फोटोत तोच डाग दिसतो. खोलीत ऊन येत असेल, तर जाड पडदा लावा. साध्या एलईडी बल्बचा त्रास नाही, उन्हात मात्र इन्फ्रारेड भरपूर असतं.

फोकस करून लेन्सचे स्क्रू आवळा, कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याची मोजमापं जुळवणं) त्यानंतर. त्यासाठीच्या चेकरबोर्डची (काळ्या-पांढऱ्या चौकटींची) प्रिंट ताठ पुठ्ठ्यावर चिकटवा, कागद वाकला की आकडेही वाकतात. कॅमेरा चुकून हलला, तर कोन चुकायला लागतात. अशा वेळी सेटिंग फाइलमधले आकडे ओढूनताणून जुळवू नका, कॅलिब्रेशन पुन्हा करा.

जीएसप्रो या गोल्फ सिम्युलेटरला जोडणं त्यामानानं सोपं. ते विंडोजवर ९२१ या टीसीपी पोर्टवर ऐकत असतं. जोडणी नाकारली गेली, तर विंडोजचं नेटवर्क ‘पब्लिक’ आहे का ते बघा, फायरवॉल तिथेच अडवते. राउटरमध्ये पीसीचा आयपी पक्का करून टाका.

स्पिनचं दुखणं गणितातच आहे. वेज या बॉल उंच उडवणाऱ्या क्लबनं मारलेला, मिनिटाला ९००० फेरे घेणारा बॉल १ मिलिसेकंदात ५४ अंश फिरतो. तो ३० मीटर प्रति सेकंदानं जात असेल, तर ४२.६७ मिलिमीटरच्या बॉलच्या दोन प्रतिमा एकमेकींवर चढू नयेत म्हणून झोतांत निदान १.४२ मिलिसेकंदांचं अंतर हवं. तेवढ्यात तो जवळपास ७७ अंश वळलेला असतो आणि पहिल्या प्रतिमेतल्या बऱ्याच खळग्या मागे गेलेल्या असतात. ड्रायव्हर या लांब पल्ल्याच्या क्लबला ही अडचण कमी, कारण स्पिन कमी आणि वेग जास्त. मळलेला बॉल आणखी घोटाळा करतो, तो पुसूनच ठेवा. लोगोची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवली की स्पिनचे आकडे कमी उड्या मारतात, असा अनुभव आहे.

सगळं नीट चाललं की त्याच दिवशी एसडी कार्डाची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवा आणि सरसकट अपग्रेड बंद करा. लिबकॅमेरा (कॅमेरा चालवणारी लायब्ररी) नवीन झाला की आधी कंपाइल केलेला प्रोग्राम, जुनी लायब्ररी सापडत नाही म्हणून, सुरूच होत नाही, मग सगळं पुन्हा बिल्ड करावं लागतं. चालू असताना लाइट गेली, तर एसडी कार्ड खराब व्हायचा धोका असतो. एनव्हीएमई (एसएसडी डिस्क) परवडत असेल तर ते घ्या, नाहीतर बोर्ड छोट्या यूपीएसवर ठेवा.