डाळ मिलच्या एलेव्हेटरला चेन की व्ही-बेल्ट?
बकेटांनी धान्य वर चढवणाऱ्या एलेव्हेटरला मोटरची ताकद कशाने द्यायची, लातूरच्या डाळ मिलवाल्यांचा हा नेहमीचा वाद. माझं मत चेनकडे. ती घसरत नाही, बकेटा भरलेल्या असल्या तरी ओढते. पण बसवायला जपावं लागतं: दोन्ही स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) तोंडांवर दोरा ताणून बघितल्याशिवाय बोल्ट आवळू नका. सैल बाजूला मध्य-अंतराच्या (दोन चाकांच्या केंद्रांमधल्या अंतराच्या) २ ते ४ टक्के झोल ठेवा. तारेसारखी ताणली की बेअरिंग गेलंच म्हणून समजा. लहान स्प्रॉकेटला १७ दात तरी हवेत. चेन ३ टक्के लांबली की बदला, आणि झिजलेल्या दातांवर नवी चढवू नका (हा मोह सगळ्यांनाच होतो). तुरीचा भुसा चेनच्या तेलात कालवला जाऊन चिकट लगदा होतो, म्हणून वर झाकण पाहिजेच.

बेल्ट स्वस्त, आवाज कमी, तेलाची कटकट नाही. काही अडकलं तर घसरून मोटर वाचवतो. पंख्याला तोच बरा.