घारापुरीची बोट: दिवाळीपासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

गावाकडून पाहुणे आले की राणीबाग, म्हातारीचा बूट आणि मग एलिफंटा म्हणजे घारापुरी, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. मुलांना लेण्यांशी देणंघेणं नसतं, बोटीत बसायचं असतं. त्यामुळे दिवाळीपासून या मे महिन्यापर्यंत गेटवेवरून घारापुरीला बरंच जाणं झालं, कधी म्हाताऱ्या माणसांना घेऊन, कधी तान्ह्या पोराला घेऊन.

पहिलं सांगणं तिथीचं. सगळे बोटीची वेळ विचारतात, भरती-ओहोटी कोणी बघत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत पूर्ण भरती साधारण दुपारी बाराच्या सुमाराला असते. सकाळी साडेनऊ-दहाची बोट धरून दोनपर्यंत परत फिरलात, तर जाता-येता दोन्ही वेळा पाणी बऱ्यापैकी वर असतं आणि लाँचमधून धक्क्यावर पाय टाकणं सोपं जातं. त्याच दिवशी शेवटच्या बोटीपर्यंत रेंगाळलात, तर गेटवेला पोचेस्तोवर पाणी पार खाली गेलेलं असतं आणि वाट्याला शेवाळलेल्या पायऱ्या येतात. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याचा चढउतारच कमी. गुडघेदुखीवाल्यांना न्यायचं असेल तर रविवार बघण्यापेक्षा कालनिर्णय बघा.

गेटवेला बोटी एकमेकींना खेटून लावलेल्या असतात, त्यामुळे कधीकधी एक लाँच ओलांडून दुसरीत जावं लागतं. दोन्ही वेगवेगळ्या लयीत हलत असतात. आमच्या मावशीने तिथे हात पुढे केला, तर खलाशी म्हणाला, "पंजा नको मावशी, मनगट द्या." तिने मनगट धरू दिलं आणि लाट वर आली त्या क्षणाला त्याने तिला अलगद उचलून पलीकडे ठेवलं. घामाने पंजा सुटतो, मनगट सुटत नाही. तेव्हापासून आम्ही सगळेच मनगट देतो.

डिसेंबर 2024 च्या बोट अपघातानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. चढताना ती पाळली जाते हे खरं. पण अर्ध्या वाटेवर निम्मे लोक फोटोसाठी जॅकेट काढून मांडीवर घेतात आणि मी ज्या बोटींत बसलो त्यांतल्या एखाद्यातच कोणी टोकलं. पट्टे लहान मुलांना ढगळ होतात, बसल्या बसल्या तपासून घ्या.

प्रवास तासाभराचा. नौदलाच्या बोटी, जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, तुर्भ्याचा अणुभट्टीचा घुमट, आणि 2024 पासून उत्तरेला अटल सेतूची लांबलचक रेघ. वरच्या डेकचे वेगळे पैसे घेतात. थंडीत जरूर द्या, सीगल अगदी हाताशी येतात. एप्रिलनंतर खाली सावलीत बसा.

बोटीचं तिकीट म्हणजे फक्त बोटीचं. उतरल्यावर ग्रामपंचायतीचा कर, छोट्या आगगाडीचे पैसे, लेण्यांचं तिकीट, सगळं वेगळं. एका गृहस्थाने आम्हाला "गाइड घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत" असंही ऐकवलं. तसं काही नाही. सोमवारी लेणी बंद. सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्री. माकडांना बाटलीचं झाकण फिरवून उघडता येतं, तेव्हा सरबत पिशवीत ठेवा.

लेण्यांत महेशमूर्तीपुढे सगळे फोटोला उभे असतात. जवळपास वीस फूट उंच दगडासमोर तेवढं चालायचंच. तुम्ही मात्र आपल्या डाव्या हाताला सरका. अर्धनारीश्वराने नंदीवर कोपर टेकून जो भार दिलाय, तो बघता बघता आपलाही एक खांदा खाली येतो. तिथे निवांत उभं राहायला मिळतं.

आणि मग बहुतेक लोक खाली उतरून बोट पकडतात. मला हे पटत नाही. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. मुंबईचे दिवे समोर दिसत असूनही इथे कायमची वीज आली ती 2018 मध्ये, समुद्राच्या तळातून केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. राजबंदरातल्या एका काकूंना मी विचारलं, विजेने काय बदललं? त्यांनी फ्रीज उघडून दाखवला. सिलिंडर, तांदूळ, पत्रे, सगळं अजून बोटीनेच येतं. पर्यटकांना रात्री मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे शेवटची बोट सुटल्यावरचं गाव फक्त त्यांचं.

याच काकू आधी सांगितलं तर जेवण करून देतात. चढायच्या आधीच ऑर्डर देऊन ठेवायची, लेणी बघून उतरेपर्यंत तांदळाची भाकरी आणि बोंबील तयार असतात. पायऱ्यांवरच्या हॉटेलांपेक्षा केव्हाही सरस आणि बिलही कमी. मात्र रविवारी दीडनंतर गेलात तर बोंबील संपलेले असतात, अंडाकरीवर भागवावं लागतं.